धुराची नळी बदलली. जुळवणी कोण करणार?

समृद्धि महामार्ग आपल्या जिल्ह्यांतून गेल्यापासून विद्यार्थ्यांच्या संभाषणांत एका नव्या विषयाची भर पडली आहे. ११ डिसेंबर २०२२ रोजीं या मार्गाचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा खुला झाला व ५ जून २०२५ रोजीं ७०१ किलोमीटरचा सबंध मार्ग पुरा झाला. ज्या वेगवान मोटारी पूर्वीं केवळ चित्रांत पाहावयास मिळत, त्या आतां जालन्याच्या शिवारांतून धांवतांना दिसतात. आणि त्या दिसण्यापूर्वींच त्यांचा आवाज कानीं पडतो. त्यामुळें मधल्या सुटींत अश्वशक्ति, टर्बो, एक्झॉस्ट असे शब्द सर्रास ऐकूं येतात. “सर, स्पोर्ट्स कारचा एक्झॉस्ट बदलला तर इंजिनाचें ट्यूनिंग करावेंच लागतें का?” हा प्रश्न तर वरच्या वर्गांतील मुलांकडून वारंवार येतो.

प्रश्न वरवर क्षुल्लक वाटेल. पण तो तसा नाहीं. आपल्यापैकीं स्पोर्ट्स कारचे धनी फारच थोडे होतील. परंतु ज्यांच्या घरीं मोटारसायकल आहे असे विद्यार्थी पुष्कळ आहेत, आणि शाळा सोडून गॅरेजांत कामाला लागलेले माजी विद्यार्थीही आहेत. कोट्यवधि रुपयांच्या मोटारीस निसर्गाचा जो नियम लागू आहे, तोच वडिलांनीं हप्त्यांवर घेऊन दिलेल्या दुचाकीसही लागू आहे. मोटारीच्या धन्यास चूक परवडते. दुचाकीच्या धन्यास ती परवडत नाहीं. म्हणून या प्रश्नाचा थोडा विस्तारानें विचार करावा असें वाटतें.

याविषयीं बाजारांत दोन मतें प्रचलित आहेत. पहिलें मत असें कीं, धुराची नळी म्हणजे केवळ धूर बाहेर जाण्याची वाट. ती जितकी रुंद व मोकळी तितकी बरी, आणि इंजिनास या बदलाची खबरही लागत नाहीं. दुसरें मत बहुधा ट्यूनिंगचा धंदा करणाऱ्यांचें असतें. तें असें कीं, शेवटचा डबा जरी बदलला तरी संगणकांतील आंकडे बदलून घेतलेच पाहिजेत. नाहींतर इंजिन गेलेंच म्हणून समजा. आमच्या मतें दोन्ही पक्ष अर्धवट आहेत. खरें उत्तर नळी कोणत्या ठिकाणीं बदलली यावर अवलंबून आहे. बदल इंजिनापासून जितका दूर, तितकी जुळवणीची गरज कमी. जितका जवळ, तितकी ती अधिक. आणि बदलाचा परिणाम ज्यास मोजतां येत नाहीं, त्यानें त्या बदलास हात घालूं नये.

हें पटण्यासाठीं धूर बाहेर कसा जातो तें पाहूं. इंजिनाच्या नळकांड्यांत पेट्रोल व हवा यांचें मिश्रण पेटतें, पिस्टन ढकलला जातो, आणि नंतर धूर जाण्याची झडप उघडते. त्या वेळीं आंतला तापलेला वायु संथपणें वाहत नाहीं; तो धक्क्यानें बाहेर पडतो. मिनिटास ६,००० फेरे घेणाऱ्या चार-स्ट्रोक इंजिनांत प्रत्येक नळकांड्यांतून असा धक्का सेकंदास ५० वेळां येतो. प्रत्येक धक्क्याबरोबर दाबाची एक लाट नळींतून पुढें धांवते. साध्या हवेंत ध्वनीचा वेग सेकंदास सुमारें ३४० मीटर. तप्त धुरांत ही लाट ५०० ते ६०० मीटर वेगानें जाते. नळी जेथें एकाएकीं रुंद होते अथवा संपते, तेथून ही लाट उलटी फिरते, आणि फिरतांना तिचें रूप पालटतें. दाबाची लाट म्हणून गेली, ती ओढीची लाट होऊन परत येते. झडप मिटण्यापूर्वीं ही ओढ इंजिनाच्या दाराशीं पोंचली, तर ती आंत उरलेला धूर खेंचून काढते व नव्या मिश्रणास आंत येण्यास मदत करते. वेळ चुकली तर हा लाभ हातचा जातो.

ज्यांनीं प्रयोगशाळेंत अनुनादाचा प्रयोग केला आहे त्यांस यांत नवल वाटूं नये. नळींतील पाण्याची पातळी वर-खालीं करतां करतां एका विशिष्ट लांबीवर स्वरकांट्याचा नाद एकदम भरून येतो. एक-दोन अंगुळें इकडे-तिकडे झालें कीं तो नाहींसा होतो. इंजिनाच्या नळीचेंही तसेंच आहे. समजा, नळीची लांबी ८० सेंटीमीटर आहे. लाटेस जाऊन परत येण्यास १६० सेंटीमीटरचा प्रवास, म्हणजे सुमारें ३ सहस्रांश सेकंद लागतात. तेवढ्या वेळांत ६,००० फेऱ्यांवर चालणारें इंजिन एका फेऱ्याचे तीन दशांश फिरतें. ३,००० फेऱ्यांवर तें त्याच्या निम्मेंच फिरतें. म्हणजे लाट तीच, नळी तीच. परंतु एका वेगावर ती वेळेवर येते व दुसऱ्या वेगावर अवेळीं येते. म्हणूनच शर्यतीसाठीं केलेली मोकळी नळी गांवांतील रस्त्यावर बसविली, तर पुष्कळदां वरच्या वेगावर थोडा लाभ होतो आणि खालच्या वेगावर पिकअप जातो. “इंजिनास थोडा उलटा दाब लागतोच” असें पुष्कळ मिस्त्री म्हणतात. त्यांचा अनुभव खरा, पण कारण चुकीचें आहे. इंजिनास उलटा दाब नको असतो. त्यास धुराचा वेग व लाटेची वेळ हवी असते.

धुराच्या नळींत केवढी शक्ति दडलेली असते याचें एक उदाहरण जगप्रसिद्ध आहे. पूर्व जर्मनींतील एम. झेड. या मोटारसायकलच्या कारखान्यांत वाल्टर काडेन नांवाचा अभियंता होता. दोन-स्ट्रोक इंजिनाच्या धुराच्या नळीचा फुगीर व पुन्हां निमुळता आकार कसा असावा याचा त्यानें लाटा मोजून अभ्यास केला. १९६१ सालीं त्याच्या १२५ घनसेंटीमीटरच्या छोट्या इंजिनांतून २५ अश्वशक्ति निघूं लागली. म्हणजे लिटरमागें २००. त्याच वर्षीं स्वीडनमधील शर्यतीच्या वेळीं त्याचा स्वार एर्न्स्ट डेग्नर देश सोडून गेला व तें ज्ञान घेऊन जपानच्या सुझुकी कंपनीस मिळाला. पुढच्याच वर्षीं, १९६२ सालीं, ५० घनसेंटीमीटरचें जागतिक विजेतेपद डेग्नरनें सुझुकीवर मिळविलें. केवळ नळी रुंद केल्यानें शक्ति वाढली असती तर हें ज्ञान चोरण्याची गरजच काय होती? तें यश नळी, झडपांच्या वेळा व मिश्रण या तिहींच्या मेळाचें होतें.

इतक्या दूरही जावयास नको. आपल्या शेजारीं वाळूज येथें १९८५ पासून ज्या बजाज कंपनीचा कारखाना चालतो, तिनें आपल्या कांहीं मोटारसायकलींच्या धुराच्या नळीस इंजिनाजवळच एक लहानशी कुपी जोडली व त्या योजनेस ‘एक्झॉसटेक’ असें नांव दिलें. हेतु एवढाच कीं, कमी वेगावरही इंजिनाची खेंच टिकावी. रस्त्यानें जाणाऱ्यास ती कुपी नळीवरील निरुपयोगी गांठ वाटते. कोणी हौशी मुलगा “जागा अडवते” म्हणून ती नळीच काढून टाकतो आणि मग गाडी चढावर कां दमते म्हणून विचारीत बसतो.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. आधुनिक स्पोर्ट्स कारच्या धुराच्या वाटेचे स्थूलमानानें तीन भाग करतां येतील. पहिला, इंजिनास लागून असलेला नळ्यांचा जुडगा, म्हणजे मॅनिफोल्ड किंवा हेडर; टर्बो असल्यास तो व त्याच्या पुढचा डाउनपाइप याच भागांत येतात. दुसरा, विषारी वायु निवळणारा कॅटलिटिक कन्व्हर्टर. तिसरा, त्याच्या मागची नळी व आवाज शमविणारे डबे.

तिसऱ्या भागांत बदल केला, म्हणजे कन्व्हर्टरच्या मागचा डबा बदलला, तर साधारणपणें ट्यूनिंगची सक्ति नाहीं. आजच्या इंजिनाचा संगणक आंत येणारी हवा मोजतो अथवा दाबावरून तिचा हिशेब करतो, आणि धुरांतील प्राणवायूचें प्रमाण पाहणाऱ्या सेन्सरच्या साहाय्यानें पेट्रोल कमी-अधिक करतो. हा सेन्सर १९७६ सालीं व्होल्व्होच्या मोटारींत प्रथम बसला. त्याचें काम एक भाग पेट्रोलास सुमारें १४.७ भाग हवा या वजनी प्रमाणाजवळ मिश्रण राखण्यास मदत करणें हें होय. मागच्या डब्यानें झालेला लहानसा फरक हा संगणक बहुधा सांभाळून घेतो. मात्र अशा बदलानें शक्तीही लहानशीच वाढते. मोठा होतो तो आवाज. उथळ पाण्याला खळखळाट फार ही म्हण येथें तंतोतंत लागू पडते.

दुसऱ्या भागास हात लावला कीं प्रकरण बदलतें. कन्व्हर्टर काढला तर त्याच्या मागें बसविलेला दुसरा सेन्सर तें ओळखतो आणि समोर ‘चेक इंजिन’चा दिवा लागतो. तो दिवा विझविण्यासाठीं संगणकाची समजूत घालणें यास कांहीं लोक ट्यूनिंग म्हणतात. आम्ही त्यास खोटी साक्ष म्हणतों. प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम अशा मौल्यवान धातूंचा पातळ थर असलेला हा कन्व्हर्टर कार्बन मोनॉक्साइड, न जळलेलें इंधन व नत्राचीं ऑक्साइडें यांचें रूपांतर करतो. १ एप्रिल १९९५ पासून दिल्ली, मुंबई, कलकत्ता व मद्रास येथें नव्या पेट्रोल मोटारींस तो सक्तीचा झाला, तो विनाकारण नव्हे. तो काढून चार घोड्यांची शक्ति मिळविणें म्हणजे आपल्या घरचा केर शेजाऱ्याच्या अंगणांत लोटणें होय.

पहिल्या भागांत बदल केला, तर मात्र ट्यूनिंग टाळतां येत नाहीं, असें आम्ही निःसंदिग्धपणें म्हणतों. विशेषतः टर्बोच्या मोटारींत. याचें उदाहरण आपल्या रस्त्यावरच आहे. जालन्याहून छत्रपति संभाजीनगरास जातांना वाटेंत शेंद्रा लागतें. तेथें २००१ पासून स्कोडा ऑक्टाव्हिया मोटारीची जुळणी होऊं लागली. त्याच ऑक्टाव्हियाचा आर. एस. हा शर्यतीच्या धर्तीचा प्रकार २००४ सालीं भारतांत आला, त्यांत १.८ लिटरचें टर्बो पेट्रोल इंजिन असून त्याची शक्ति १५० अश्वशक्ति होती. पुढें २०१७ मध्यें आलेल्या आर. एस.चें दोन लिटरचें इंजिन २३० अश्वशक्तीचें होतें. या गाडीवर हौशी लोकांचें फार प्रेम. त्यांच्या भाषेंत ‘स्टेज १’ म्हणजे केवळ संगणकांतील आंकड्यांचा बदल, आणि ‘स्टेज २’ म्हणजे मोकळा डाउनपाइप व त्यास जुळणारे आंकडे. नळी व आंकडे हे दोन्ही शब्द एका दमांत उच्चारले जातात, यांतच आमच्या प्रश्नाचें उत्तर आहे.

कारण असें. टर्बोचें चाक धुराच्या जोरावर फिरतें. त्याच्या पुढची वाट मोकळी झाली कीं तें अधिक लौकर व अधिक वेगानें फिरतें आणि इंजिनांत पूर्वींपेक्षां अधिक हवा कोंबूं लागतें. जादा धूर बाजूनें सोडणारी झडप पुरी न पडल्यास हवेचा दाब ठरविलेल्या मर्यादेबाहेर जातो. संगणक सावध असेल तर तो शक्ति कमी करून गाडी वांचवितो. मग पैसे खर्चून शक्ति घटली असा उलटा अनुभव येतो. तो सावध नसेल तर मिश्रण अवेळीं स्फोटासारखें पेटतें, खणखण असा आवाज येतो आणि पिस्टन भाजून निघतो. अशा प्रसंगीं नुसता मोठा डबा बसवून खूष राहणें म्हणजे आग रामेश्वरीं आणि बंब सोमेश्वरीं.

दुचाकीस हाच न्याय लावा. जुन्या कारबुरेटरच्या गाडीस संगणक नाहीं, सेन्सर नाहीं. पेट्रोल किती जावें हें पितळेच्या जेटचें छिद्र ठरवितें. नळी मोकळी केली आणि जेट तोच ठेवला, तर पेट्रोल कमी पडण्याचा संभव असतो. म्हणून कारबुरेटरच्या गाडीस सायलेन्सर बदलल्यावर जेट तपासणें आवश्यकच होय. प्लग काढून पाहावा. टोंक फिकट तपकिरी असेल तर ठीक, पांढुरकें असेल तर पेट्रोल कमी, काळें काजळीचें असेल तर अधिक. वेग कमी करतांना जे फटाके फुटतात व ज्यांचा आमच्या तरुणांस अभिमान वाटतो, ते पुष्कळदां मिश्रण बिघडल्याची किंवा नळीच्या सांध्यांतून हवा शिरत असल्याची खूण असते. ती आजाऱ्याची खोकली आहे. पहिलवानाची आरोळी नव्हे.

१ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ चे नियम आले आणि नव्या दुचाकींत इंजेक्शन, प्राणवायूचा सेन्सर व कन्व्हर्टर हीं सर्वत्र दिसूं लागलीं. बुलेटसारखी जुन्या वळणाची ३५० घनसेंटीमीटरची गाडीही याच सुमारास कारबुरेटर सोडून इंजेक्शनवर आली. पुष्कळ दुचाकींत कन्व्हर्टर नळींत किंवा सायलेन्सरच्या डब्यांतच असतो. म्हणजे मोटारींत जो बदल ‘मागच्या डब्याचा’ म्हणून निरुपद्रवी ठरतो, तोच बदल दुचाकींत दुसऱ्या भागास हात घालणारा ठरतो. “मोटारवाल्यांस चालतें, मग आम्हांस कां नाहीं?” या तक्रारीचें उत्तर येथें मिळतें.

येथवर इंजिनाची गोष्ट झाली. परंतु एक जुळवणी अशीही आहे कीं जी कोणत्याही संगणकांत करतां येत नाहीं. ती म्हणजे गाडी व गांव यांची जुळवणी. १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमाचें ५२ वें कलम नोंदणींतील तपशिलाशीं विसंगत होईल असा बदल करण्यास मनाई करतें. १९८९ च्या केंद्रीय नियमांतील १२० वा नियम प्रत्येक वाहनास आवाज शमविणारा सायलेन्सर असलाच पाहिजे असें सांगतो. आवाज व धूर यांचे नियम मोडणारास कलम १९० (२) खालीं, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही होऊं शकतात, व तीन महिने परवानाही जातो. रुग्णालयें, शाळा व न्यायालयें यांच्या भोंवतालचा १०० मीटरपर्यंतचा टापू २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार शांतता क्षेत्र ठरवितां येतो. तेथें दिवसां ५० व रात्रीं ४० डेसिबल ही मर्यादा. दहा डेसिबल वाढले म्हणजे ध्वनीची तीव्रता दहापट होते, हें विज्ञानाच्या विद्यार्थ्यानें विसरूं नये. महाराष्ट्रांतील अनेक शहरांत पोलिसांनीं जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर मांडून त्यांवरून रोडरोलर फिरविला आहे. ज्या वस्तूसाठीं बापानें घामाचे पैसे मोजले तिचा असा चुरा होतांना पाहणें, हें कोणत्या मुलास आवडेल? आणि कायदा बाजूस ठेवला तरी, रात्रीं रुग्णालयाच्या खिडकीखालून फटफटत जाणाऱ्यानें आंत कोणाची आई निजली आहे याचा क्षणभर विचार करावा.

कोणी म्हणेल, “मग हौसच करूं नये काय? यंत्र उघडून पाहिल्याशिवाय तें समजणार कसें?” ही शंका योग्य आहे, आणि आम्ही हौसेचे वैरी नव्हों. काडेन हौशीच होता. पण तो आधीं मोजीत असे आणि मग बदलीत असे. आमच्याकडे उलटा क्रम रूढ झाला आहे: आधीं बदलावयाचें, मग कानानें शक्ति मोजावयाची. कान हें शक्ति मोजण्याचें यंत्र नव्हे. त्यासाठीं डायनॅमोमीटर असतो. ज्यास तें शास्त्र शिकावयाचें आहे त्यानें अवश्य शिकावें. १९६६ पासून पुण्यास असलेल्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनसारख्या संस्थेंत वाहनांचा धूर, आवाज व शक्ति मोजण्याचेंच काम चालतें. वाळूज, शेंद्रा, चाकण येथील कारखान्यांस मोजणाऱ्या हातांची गरज आहे. फटाके फोडणाऱ्या गाड्यांची नाहीं. आणि वेगाची परीक्षा पाहावयाची ती बंदिस्त शर्यतपटावर पाहावी. जालना–अंबड रस्त्यावर नव्हे.

गॅरेजांत काम करणाऱ्या माजी विद्यार्थ्यांस तर आग्रहाचें सांगणें आहे. गिऱ्हाईक नळी बदलून मागतो, तेव्हां त्यास चार प्रश्न विचारा. बदल कोणत्या भागांत? कन्व्हर्टर जागेवर राहतो कीं जातो? पेट्रोलचें प्रमाण कोण ठरवितो, जेट कीं संगणक? आणि बदलानंतर तें कशानें मोजणार? या चारांचीं उत्तरें नीट मिळालीं तर ट्यूनिंग हवें कीं नको हें आपोआप ठरतें. न मिळालीं तर काम नाकारा. एका दिवसाची मजुरी बुडेल, पण चांगला मिस्त्री म्हणून नांव राहील; आणि गांवांत नांव हीच मिस्त्र्याची खरी पेढी असते.

तात्पर्य, तंबोऱ्याची एक तार बदलली तर जाणता गवई सबंध तंबोरा पुन्हां जुळवून घेतो. खुंटीवरचा गोंडा बदलला तर त्यास तसें करावें लागत नाहीं. तार कोणती आणि गोंडा कोणता, हें ओळखणें हेंच शिक्षण. विद्यार्थिमित्रहो, पुढें तुम्हांपैकीं कोणाच्या दारीं वेगवान मोटार उभी राहो कीं साधी दुचाकी, तिच्या कोणत्याही भागास हात लावण्यापूर्वीं तो भाग तेथें कां आहे हें आधीं विचारा. उत्तर समजलें म्हणजे बदल करण्याचा अधिकार येतो. आणि पुष्कळदां उत्तर समजल्यावर बदलाची इच्छाच राहत नाहीं.